माझ्या भावाच्या छातीतला जंतू नेमका कुठला होता? टीबी कार्यक्रम चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
देशाचा आणि राज्याचा टीबी कार्यक्रम ज्यांच्या सहीनं चालतो ते सगळे अधिकारी, आणि टीबीच्या जंतूंचं जीनोम सिक्वेन्सिंग (जंतूचा सगळा डीएनए अक्षर-अक्षर वाचणं) करणारे सगळे शास्त्रज्ञ

विषय : जंतूची ओळख रिसर्च पेपरात छापून येते, पेशंटच्या फायलीत येत नाही, त्याबद्दल

सप्रेम नमस्कार,

मी डीएमएलटी केलेली लॅब टेक्निशियन, एका प्रायव्हेट लॅबमधे अकरा वर्षं झाली, आणि राहायला मानखुर्दला पुनर्वसनाच्या बिल्डिंगमधे, चौथा मजला. या बिल्डिंगी तुम्ही बघितल्या नसतील तर एवढंच सांगते की आमच्या किचनच्या खिडकीतून हात बाहेर काढला की समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंकडून साखरेची वाटी घेता येते, आणि मे महिन्यात भर दुपारी बारा वाजता सुद्धा आमच्याकडे ट्यूब लावावी लागते. या भागातल्या अशाच वसाहतींचा अभ्यास काही वर्षांपूर्वी झालाय, ऊन-वारा नसणं आणि टीबी यांचा संबंध त्यात दिसला, पेपरात बातमीही आली होती, खिडक्या अजून तिथेच आहेत. पण तो विषय वेगळ्या खात्याचा, त्यांना वेगळं पत्र लिहीन.

२०२२ साली माझ्या धाकट्या भावाला टीबी निघाला. त्याआधी त्याला आयुष्यात कधी टीबी नव्हता, घरात कोणाला नव्हता. सीबीनॅटमधे, म्हणजे थुंकीतला जंतू मशीनवर तपासायच्या टेस्टमधे, रिफाम्पिसिन रेझिस्टंट आलं, म्हणजे टीबीचं मुख्य औषधच त्याच्या जंतूवर चालत नाही असं, तेव्हा मी स्वतः या लाइनमधली असून पाय लटपटले. पहिल्या दिवशी सेंटरवर आम्हाला काय ऐकवलं माहितीये का? "आधी गोळ्या घेऊन सोडल्या असतील, आठवून बघा." आठवायचं काय, घेतल्याच नव्हत्या. आईनं देवाशपथ सांगितलं, तरी कागदावर लिहिणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर विश्वास काही दिसला नाही. त्या दिवसापासून माझा भाऊ, जो साधी क्रोसिन पण वेळ बघून घेतो, तो घरात, शेजारात आणि पाहुण्यांत "गोळ्या चुकवणारा" झाला.

पुढचं थोडक्यात. कमी मुदतीचं औषध सुरू झालं, त्यात लिव्होफ्लॉक्सासिन होतं. ते त्याच्या जंतूवर चालतं की नाही हे बघायला थुंकी एलपीए नावाच्या टेस्टला पाठवली, सॅम्पल इनव्हॅलिड आलं, परत थुंकी द्या, परत पाठवली, मग रिपोर्ट कुठे अडकला ते कोणालाच माहिती नाही, मी लॅबवाली असून मला फोनवर तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली. दोन महिन्यांनी कळलं की फ्लुरोक्विनोलोन, म्हणजे लिव्होफ्लॉक्सासिनच्याच गटातल्या औषधांना, रेझिस्टंट, म्हणजे प्री-एक्सडीआर, आणखी अवघड टीबी. म्हणजे ते दोन महिने त्यातली एक गोळी नुसती पोटात जात होती. मग औषध बदललं, मुदत अठरा-वीस महिन्यांवर गेली, नोकरी गेली.

आणि मग त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आमच्याच जिन्यावर, दुसऱ्या मजल्यावर, सतरा वर्षांच्या मुलाला टीबी निघाला. पहिल्यांदाच. रेझिस्टन्स अगदी तोच, त्याच गोळ्या बाद. दोघं संध्याकाळी जिन्यात बसून मोबाइलवर गेम खेळायचे. मी सेंटरवर जाऊन साधा प्रश्न विचारला की या दोघांचा जंतू एकच आहे का, कारण एकच असेल तर जिन्यावरच्या बाकी अठ्ठावीस घरांचं काय, तपासणी कोणाची करायची. उत्तर मिळालं, "मॅडम, ते रिसर्चचं काम आहे."

हे पत्र त्या वाक्यावर आहे.

कारण या प्रश्नाचं उत्तर आता काढता येतं, आणि ते काढणं किती सोपं झालंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. वाचणाऱ्या बाकी लोकांसाठी सांगते. टीबीच्या जंतूचा जीनोम म्हणजे साधारण ४४ लाख अक्षरांची एक ओळ. हा जंतू फार हळू बदलतो, वर्षाला अर्ध्या अक्षराच्या आसपास. त्यामुळे दोन पेशंटच्या जंतूंमधे पाच किंवा कमी अक्षरांचा फरक असला तर संसर्ग अलीकडचा, एकातून दुसऱ्यात किंवा दोघांना एकाच तिसऱ्याकडून, असं धरतात, आणि बारापेक्षा जास्त फरक असला तर सहसा संबंध नाही. इंग्लंडमधे २०१७ पासून हे रोजच्या तपासणीत आहे. ४४ लाखांत पाच अक्षरं. माझ्या भावाला आणि त्या मुलाला एवढंच हवं होतं.

आणि यातून दुसरी गोष्ट कळली असती, जी माझ्या आईसाठी जास्त मोठी आहे. औषध अर्धवट सोडल्यानं त्याच पेशंटच्या शरीरात रेझिस्टन्स तयार झाला असेल तर प्रत्येकाचा जंतू आपापला वेगळा निघतो. पण तयार रेझिस्टंट जंतूच हवेतून आला असेल तर तो आधीच्या कोणाच्या तरी जंतूची जवळजवळ झेरॉक्स असतो. मुंबई महानगर प्रदेशातल्या एमडीआर, म्हणजे रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या, जंतूंच्या सिक्वेन्सिंगचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यात हेच निघालं : लिनिएज दोन या वंशशाखेतले काही मोजके क्लोन, म्हणजे एकाच जंतूच्या नकला, पसरत आहेत, आणि लिव्होफ्लॉक्सासिन-मॉक्सिफ्लॉक्सासिनला दाद न देण्याचं मोठं प्रमाण त्यांच्यामुळे आहे. तुमच्याच पहिल्या राष्ट्रीय ड्रग रेझिस्टन्स सर्व्हेत, २०१४ ते १६ मधे, आधी कधीच औषध न घेतलेल्या पेशंटांत २.८४ टक्के एमडीआर निघाले होते. ऐकायला आकडा छोटा, पण आपल्याकडे दरवर्षी टीबी होणारी माणसं किती लाख ते बघा आणि मग गुणाकार करा. या सगळ्यांनी कोणती गोळी चुकवली होती? तरी सेंटरवर पहिला प्रश्न तोच.

आता तुमचा मुद्दा, की देशात सिक्वेन्सिंग चालू आहे. आहे ना, माहिती आहे मला. २४ मार्च २०२२ ला "डेअर टू इरॅड टीबी" ची घोषणा झाली, बत्तीस हजारांच्या आसपास जंतू वाचायचे ठरले, कोविडचे विषाणू वाचणाऱ्या लॅबांच्या इन्साकॉगसारखं कन्सॉर्शियम झालं, आणि २४ मार्च २०२५ ला दहा हजार पूर्ण झाल्याचं जाहीर केलंत. मला खरंच आनंद झाला, व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवलं होतं. पण त्या दहा हजारांपैकी एक तरी रिपोर्ट एखाद्या पेशंटच्या फायलीला लागलेला मी पाहिलेला नाही, माझ्या ओळखीतल्या कुठल्या टेक्निशियनने पाहिलेला नाही, आणि आमच्या वॉर्डात कुठलं घराणं पसरतंय हे इथल्या डॉक्टरांना विचारलं तर ते माझ्याचकडे बघतात.

घराणं हा शब्द मी मुद्दाम वापरते कारण लिनिएजला दुसरा बरा शब्द मला सापडला नाही, गाण्यात कसं ग्वाल्हेर, किराणा असतं तसं. राग तोच, मांडायची तऱ्हा वेगळी. टीबीची मुख्य घराणी चार, ही चारही आपल्या देशात आहेत आणि ती सगळीकडे सारखी पसरलेली नाहीत. दक्षिणेत तामिळनाडू-केरळकडे लिनिएज एक, जे सगळ्यात जुन्यांपैकी आहे. उत्तरेत लिनिएज तीन, ज्याला दिल्लीचं नाव चिकटलंय. लिनिएज दोन म्हणजे बीजिंग, ते ईशान्येकडे आणि इकडे मुंबईच्या एमडीआरमधे. लिनिएज चार थोडं थोडं सगळीकडे. आणि मुंबईचं म्हणाल तर जसे आम्ही तसेच आमचे जंतू. आमच्या मजल्यावर तिरुनेलवेलीच्या मामी आहेत, जौनपूरचे दोन भाऊ आहेत, आम्ही साताऱ्याकडचे. मामींना पण टीबी झाला होता, साधा, सहा महिन्यांत बऱ्या झाल्या. माझ्या भावाला वीस महिने लागले. एकच मजला, एकच हवा, एकच रोगाचं नाव.

आणि हे वेगळेपण काल कळलेलं नाहीये. १९५०-६० च्या दशकात मद्रासला, जिथे घरी राहून औषध घेतलं तरी सॅनेटोरियमइतकाच फायदा होतो हे सगळ्या जगाला दाखवून दिलं गेलं, तिथल्या पेशंटांचे जंतू गिनिपिगला टोचून बघितले होते, तेव्हा बरेचसे इंग्लंडच्या जंतूंपेक्षा सौम्य निघाले होते. नंतर फिंगरप्रिंटिंग आलं, आयएस-६११० नावाचा एक तुकडा जंतूत कुठे कुठे आणि किती वेळा आहे ते बघायचं, परदेशात मस्त चाललं, आणि १९९५ मधे मद्रासच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की आमच्याकडच्या जवळजवळ ४० टक्के जंतूंमधे हा तुकडा एकदाच आहे नाहीतर नाहीच, मग ठसा घ्यायचा कशाचा, बोटच नाही. आपल्या संस्थेनं, आपल्या पेशंटांवर काम करून, तीस वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट आहे ही.

मी शिकत होते तेव्हा आमच्या लॅबमधे कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या बाटल्यांच्या, रॅकमधे तुलनेसाठी एक कंट्रोलची ट्यूब असायची, निळ्या मार्करनं लिहिलेलं, "एच-३७-आरव्ही". दर वेळी आपल्या पेशंटच्या बाटल्या त्याच्या शेजारी ठेवून वाचायच्या. तेव्हा कधी विचारलं नाही हा कोण. नंतर कळलं की तो १९०५ साली अमेरिकेतल्या एका पेशंटकडून मिळालेल्या जंतूचा वंशज, घराणं चौथं. १९९८ ला पहिला जीनोम वाचला तोही त्याचाच, आणि आजही जगभर कुठलाही टीबीचा जंतू वाचला की त्याच्यावर ठेवून जुळवतात. आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच : दक्षिणेतल्या लिनिएज एकच्या जीनोममधे टीबीडी-१ नावाचा एक भाग आहे जो या अमेरिकन जंतूत नाहीच. मग पट्टीवर ज्याची खूणच नाही ते मोजणार कसं? बाकीच्या घराण्यांत असे किती भाग असतील. आपल्या जंतूंसाठी आपल्या पट्ट्या हव्यात, एवढे पैसे घालून दहा हजार जीनोम वाचले ते त्यासाठीच ना?

टेस्टचंही तेच. सीबीनॅट चांगलं आहे, दोन तासांत सांगतं, माझा त्याच्यावर राग नाही, त्यानंच माझ्या भावाचा रेझिस्टन्स पकडला. तशीच टेस्ट करणारं, आमच्या गोव्यात बनलेलं ट्रूनॅटही गावागावात पोचतंय, अभिमान आहे. पण रिफाम्पिसिनसाठी सीबीनॅट बघतं ती आरपीओबी जीनमधली ८१ अक्षरं. चव्वेचाळीस लाखांतली एक्याऐंशी. बदल त्याच्या बाहेर झाला तर रिपोर्ट येणार "सेन्सिटिव्ह", आणि पेशंट चुकीच्या गोळ्या घेत बसणार. हे मी घाबरवायला सांगत नाहीये, आफ्रिकेतल्या स्वाझीलँडमधे, आता त्याला एस्वातिनी म्हणतात, हे झालंय : २००९ च्या सर्व्हेतल्या एमडीआर जंतूंपैकी साधारण ३० टक्क्यांत असाच बाहेरचा बदल होता आणि मशीनला तो दिसत नव्हता. एका छोट्या देशात एक क्लोन पसरला आणि टेस्ट आंधळी झाली. आपल्याकडे असा क्लोन एखाद्या जिल्ह्यात असेल तर तो दिसणार कोणाला, शोधलं तरच ना.

आणि औषधं. बीपाल्म आलं, सप्टेंबर २०२४ ला मंजुरी दिलीत, वीस महिन्यांचं सहा महिन्यांवर आणणारं औषध, माझ्या भावाला दोन वर्षं उशिरा आलं म्हणून रडू आलं होतं पण ज्यांना मिळतंय त्यांच्यासाठी बरंच आहे. त्यात चार औषधं, बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन. आता मुंबईत पसरलेल्या त्या क्लोनवर मॉक्सिफ्लॉक्सासिन बऱ्याचदा चालत नाही, म्हणजे चारातले तीन उरले. आणि प्रेटोमॅनिडबद्दल लॅबमधे असं दिसलंय की लिनिएज एकच्या जंतूंना थांबवायला ते बाकीच्यांपेक्षा जास्त प्रमाणात लागतं. पेशंटमधे याचा किती फरक पडतो हे बघायला जगात सगळ्यात योग्य जागा कुठली? जिथे लिनिएज एकचे पेशंट ढिगानं आहेत ती. म्हणजे आपलंच दक्षिण भारत. हे आपण नाही बघणार तर कोण बघणार, स्वित्झर्लंड?

मधे एक गोष्ट सांगायलाच हवी नाहीतर कोणीतरी या पत्राचा चुकीचा अर्थ काढेल. नकाशा म्हणजे "अमक्या राज्यातल्या लोकांनी टीबी आणला" असं होता कामा नये. बीजिंग हे नाव वाचून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच "चायनाचा टीबी" सुरू झालं होतं, मी दोन तास भांडले. जंतू हजारो वर्षांपासून माणसाबरोबर फिरतोय, तो आधार कार्ड बघून बसत नाही. म्हणून जिल्ह्याचा, वॉर्डाचा आकडा द्या, बिल्डिंगचं नाव नको, पेशंटचं नाव तर अजिबात नको, आणि जात-धर्म-गाव याचा कॉलम तर टाकूच नका.

मला माहिती आहे तुमच्याकडे पण लोक कमी आहेत. आमच्या आशाताई पाच-पाच कामं करतात, टेक्निशियन काँट्रॅक्टवर आहेत, पगार कधी होतो ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्यावर माझा शब्दानंही राग नाही. भावाचं सॅम्पल इनव्हॅलिड गेलं ते कदाचित थर्माकोलच्या डब्यात बर्फ वितळल्यामुळे गेलं असेल, तो डबा स्कूटरवर नेणाऱ्या मुलाला दोष काय देणार. पण २०२५ पर्यंत टीबी हटवायचं तुम्ही सगळ्या जगाच्या पाच वर्षं आधी बोलला होतात. २०१५ ला लाखामागे २३७ होते, २०२४ ला १८७ झाले, हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे, कमी झालेत हे खरं, आणि "हटवला" याच्यापासून फार लांब आहे हेही खरं. आता नवीन तारीख द्याल तेव्हा त्याच्याबरोबर हे पण द्या :

एक. रिफाम्पिसिन रेझिस्टंट निघालेल्या प्रत्येक पेशंटच्या जंतूचं सिक्वेन्सिंग, निदान टार्गेटेड तरी, म्हणजे औषधांशी संबंधित भागांपुरतं, नेहमीच्या तपासणीत घ्या. सगळ्या टीबी पेशंटांचं मी मागत नाहीये, एवढ्यांचंच मागतेय. आणि रिपोर्ट निक्षयवर, टीबी पेशंटांच्या सरकारी पोर्टलवर, डॉक्टरांना दिसेल असा टाका, समजेल अशा भाषेत : कुठलं औषध चालेल, कुठलं नाही.

दोन. वाचून झालेल्या दहा हजार जीनोमचा जिल्हावार, घराण्यावार गोषवारा सगळ्यांना उघडा करा, नावं काढून. मराठीत एक पान तरी करा.

तीन. सिक्वेन्सिंगमधे पाच अक्षरांच्या आतले दोन पेशंट एकाच वॉर्डात सापडले तर आठवड्याच्या आत तिथे टीम जावी, आजूबाजूच्यांची तपासणी व्हावी. यासाठी वेगळा माणूस नेमा, आशाताईंच्या डोक्यावर सहावं काम टाकू नका.

चार. कुठलीही नवीन टेस्ट किंवा औषध देशभर लावायच्या आधी ते आपल्या चारही घराण्यांवर तपासलं का, ते लेखी जाहीर करा.

पाच. हे पैशाचं नाही, म्हणून आजच होईल. पहिल्यांदा एमडीआर निघालेल्या पेशंटला "गोळ्या सोडल्या होत्या का" हा प्रश्न विचारायचा असेल तर जरूर विचारा, वैद्यकीय माहिती म्हणून विचारा, पण "नाही" हे उत्तर लिहून घ्या आणि पुढे जा. माझ्या आईला चार वेळा विचारलं होतं.

दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा त्या हिवाळ्यात गेला. माझा भाऊ बरा झाला, आता कुरियरमधे आहे, जिने चढताना अजून धाप लागते. दोघांच्याही कल्चरच्या ट्यूब कुठल्या तरी सरकारी डीप फ्रीझरमधे अजून असतील तर त्या वाचा. कन्सेंट फॉर्मवर भावानं सही करायची तयारी दाखवलीये, मुलाच्या आईला मी मागच्या रविवारी विचारलं, त्यांनी काही न बोलता कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली फाइल काढून माझ्या हातात दिली. दोन्ही फायली माझ्याकडे आहेत. कुठे आणून देऊ तेवढं कळवा.

आपली,
एका पेशंटची बहीण आणि एक लॅब टेक्निशियन
मानखुर्द, मुंबई